जन्माची वही : पुण्याजवळची सहा गावे आणि सडपातळ माणसांचा मधुमेह

(धागा दीर्घ आहे, सवडीने वाचावा.)

१/
१९८०च्या दशकात पुण्याच्या रास्ता पेठेतील केईएम रुग्णालयात (परळचे केईएम निराळे) डॉ. चित्तरंजन याज्ञिक मधुमेहाचे रुग्ण तपासू लागले, तेव्हा त्यांच्यापुढे एक विसंगती उभी राहिली. ऑक्सफर्ड येथे प्रशिक्षण घेताना त्यांनी जो रुग्ण पाहिला होता, तो उतारवयाचा आणि लठ्ठ होता. पुण्यातला रुग्ण त्याहून बराच तरुण होता, वजनाने बेताचाच होता. हातपाय काटकुळे, पोट मात्र पुढे आलेले. पाठ्यपुस्तकाच्या मोजमापाने ज्याला हा रोग होऊच नये, तो माणूस रक्तात साखर घेऊन दाराशी उभा होता.

अशा वेळी दोन वाटा असतात. रुग्णाला अपवाद ठरवावे, किंवा पुस्तकाला. याज्ञिकांनी दुसरी वाट धरली. त्या वाटेवर त्यांना जी अडचण आली, ती इतिहासाच्या विद्यार्थ्याला फार ओळखीची आहे : साधनेच उपलब्ध नव्हती.

२/
प्रथम मोजपट्टीविषयी.

उंचीच्या मानाने वजन योग्य की अयोग्य, हे ठरविणारा ‘बीएमआय’ नावाचा आकडा आज प्रत्येक व्यायामशाळेत सांगितला जातो. त्याचे सूत्र एकोणिसाव्या शतकातील बेल्जियन संख्याशास्त्रज्ञ अडॉल्फ केटले यांचे. ते वैद्य नव्हते, खगोलशास्त्रज्ञ होते, आणि त्यांना ‘सरासरी माणूस’ शोधायचा होता. १९७२ मध्ये अमेरिकेतील आन्सेल कीझ यांनी त्याला आजचे नाव दिले. कीझ यांनी ज्या पाच देशांतील पुरुषांच्या मापांवर हा आकडा पारखला, त्यांत अमेरिका, फिनलंड, इटली, जपान आणि दक्षिण आफ्रिका होते. भारत नव्हता. स्त्रिया नव्हत्या.

यात कोणाचे कारस्थान होते असे नव्हे. जे देह मोजले गेले, त्यांचा नियम झाला, एवढेच.

३/
हा नियम भारतीय देहाला कसा फसवतो, याचा सर्वांत गाजलेला पुरावा म्हणजे एक छायाचित्र. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये याज्ञिक आणि लंडनचे प्रा. जॉन युडकिन यांनी एक लहानसा लेख प्रसिद्ध केला. दोघे शेजारी उभे आहेत. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. म्हणजे रूढ व्याख्येप्रमाणे दोघेही सुदृढ. परंतु शरीरातील चरबीचे प्रमाण मोजले, तेव्हा युडकिन यांच्या देहात ती ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिकांच्या देहात २१.२ टक्के. दोघांच्या आडनावांचे इंग्रजी आद्याक्षर एकच असल्यामुळे या कोड्याला ‘वाय-वाय विरोधाभास’ असे नाव पडले.

त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने आशियाई लोकांसाठी २३ आणि २७.५ हे सावधगिरीचे निराळे टप्पे सुचविले.

४/
येथे एक विषयांतर, कारण ते टिप्पण्यांत येणारच.

सुश्रुतसंहितेत प्रमेहाचे दोन प्रकार सांगितले आहेत : ‘सहज’, म्हणजे मातापित्यांच्या बीजदोषातून आलेला, आणि ‘अपथ्यनिमित्तज’, म्हणजे चुकीच्या आहारविहारातून आलेला. पहिल्या प्रकारचा रुग्ण कृश, दुसऱ्याचा स्थूल. निरीक्षण म्हणून हे विलक्षणच आहे. परंतु यावरून ‘आपल्याकडे हे सगळे आधीच माहीत होते’ असा निष्कर्ष काढणे योग्य नव्हे. सुश्रुताचा कृश रुग्ण आणि केईएममधला कृश रुग्ण हे एकाच रोगाचे असतील असे मानण्यास आधार नाही. त्यातला पहिला आजच्या भाषेत इन्सुलिनच न बनणारा रुग्ण असण्याचाही संभव आहे. शब्द जुळले म्हणून अर्थ जुळतोच असे नाही.

५/
मग भारतीय देह असा का? त्या काळी बहुतेकांचे उत्तर ‘आनुवंशिकता’ असे होते. १९६२ मध्ये जेम्स नील यांनी मांडले होते की, दुष्काळात तग धरण्यासाठी ऊर्जा साठवून ठेवणारी जनुके पिढ्यान्‌पिढ्या निवडली गेली आणि सुबत्ता येताच तीच घातक ठरली. मांडणी आकर्षक होती. मात्र ती ताडून पाहणे कठीण होते.

दुसरे उत्तर इंग्लंडमधील एका जुन्या वहीतून आले. हर्टफर्डशायर परगण्यात १९११ पासून एथेल मार्गारेट बर्नसाइड या मुख्य आरोग्य-परिचारिकेच्या देखरेखीखाली प्रत्येक बाळाचे जन्माचे आणि वर्षाचे झाल्यावरचे वजन लिहून ठेवले जात होते. साउदॅम्प्टनचे डेव्हिड बार्कर आणि त्यांचे सहकारी यांनी या नोंदींवरून ५,६५४ पुरुषांचा माग काढला. १९८९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला : जन्मी आणि पहिल्या वर्षी ज्यांचे वजन सर्वांत कमी होते, त्यांच्यात हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण सर्वाधिक होते. पुढे १९९२ मध्ये हेल्स आणि बार्कर यांनी मधुमेहाविषयीही तसेच मांडले. गर्भात उपासमार झालेला देह काटकसर शिकतो, मेंदू वाचवितो. स्वादुपिंड आणि स्नायू यांच्या वाट्याला कमी येते. साठ वर्षांनंतरच्या रोगाची तरतूद पाळण्याच्याही आधी झालेली असते.

ज्या परिचारिकांनी ही वजने टिपली, त्यांना आपण पुरावा लिहीत आहोत याची कल्पनाही नव्हती. इतिहासाची उत्तम साधने बहुधा अशीच निर्माण होतात.

६/
१९९१ मध्ये बार्कर आणि त्यांच्या सहकारी डॉ. कॅरोलाइन फॉल पुण्याला आले. प्रश्न सरळ होता : कमी वजनाची बाळे जर पुढे मधुमेहाकडे जात असतील, तर भारताइतकी कमी वजनाची बाळे दुसरीकडे कोठे आहेत? पण इंग्लंडमधल्यासारखी वही भारतात कोठे होती?

अगदीच नव्हती असे नाही. म्हैसूरच्या होल्ड्सवर्थ मेमोरियल या मिशनरी रुग्णालयात १९३४ पासूनच्या प्रसूतीच्या नोंदी टिकून होत्या. त्यांवरून फॉल आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये दाखविले की, तेथे जन्मलेल्यांतही कमी जन्मवजन आणि हृदयविकार यांचा संबंध दिसतो. मधुमेहाचे गणित मात्र म्हैसुरात तितके सरळ निघाले नाही. तेथे आखूड पण गुबगुबीत जन्मलेली, वजनदार आयांची मुले अधिक मधुमेही निघाली. हा तपशील अनेक लोकप्रिय लेखांत गाळला जातो. तो गाळू नये.

पुण्यात केईएममध्येच १९८७ ते १९८९ या काळात जन्मलेल्या मुलांची जन्मवजने उपलब्ध होती. ती मुले चार वर्षांची झाल्यावर त्यांना ग्लुकोज पाजून रक्त तपासले गेले. जन्मी हलकी असलेल्या मुलांत रक्तशर्करा आणि इन्सुलिन दोन्ही चढे होते. चौथ्या वर्षी!

७/
पण जन्मवजन हा निकाल झाला. खटला त्याआधी चाललेला असतो. आई काय खात होती, किती राबत होती, गर्भ राहण्यापूर्वी तिचा देह कसा होता, हे कोणत्याच रुग्णालयाच्या वहीत नसते. कारण बाई रुग्णालयात येते तीच मुळी दिवस राहिल्यानंतर, पुष्कळदा नऊ महिने भरत आल्यावर. तेव्हा वही नव्यानेच लिहावी लागणार होती.

केईएमला खेडी परकी नव्हती. ज्या वढू बुद्रुकला इतिहासप्रेमी मंडळी छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीसाठी जातात, तेथेच डॉ. बानू कोयाजी यांनी १९७०च्या दशकात ग्रामीण आरोग्याचा मोठा प्रकल्प उभा केला होता. १९९३ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. योगायोग असा की, त्याच वर्षी पुण्याजवळच्या सहा गावांत ‘पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडी’ला आरंभ झाला. याज्ञिक, फॉल, बानूबाईंचे पुत्र डॉ. कुरुस कोयाजी आणि आघारकर संशोधन संस्थेच्या डॉ. शोभा राव ही त्यातील प्रमुख नावे.

८/
या अभ्यासाची पद्धत थोडी सविस्तर पाहण्याजोगी आहे.

गावांची गणना करून सुमारे अडीच हजार विवाहित स्त्रियांची नोंद केली गेली. गर्भ राहण्याच्या आधीच त्यांची उंची, वजन, त्वचेच्या घडीची जाडी मोजून ठेवली. त्यानंतर क्षेत्र-कार्यकर्त्या दर महिन्याला घरोघर जाऊन पाळीची तारीख विचारीत. पाळी चुकली की सोनोग्राफी. अठराव्या आणि अठ्ठाविसाव्या आठवड्याला, कालपासून आजपर्यंत काय काय खाल्ले याची तपशीलवार विचारणा : भाकरी केवढी, कालवण किती, चहात दूध किती. रक्ताचे नमुने पुण्याला. बाळ जन्मले की तीन दिवसांच्या आत कार्यकर्ती मापे घेण्यास हजर. जन्म दवाखान्यात असो, सासरी असो वा माहेरी.

ही माहिती परक्या माणसाला सांगण्याजोगी नाही. पाळीची तारीख तर घरातल्या पुरुषालाही सांगितली जात नाही. तरीही ती दरमहा सांगितली गेली. याचे श्रेय प्रबंधांच्या शीर्षस्थानी असलेल्या नावांइतकेच, किंबहुना थोडे अधिकच, उंबऱ्यावर बसून विश्वास संपादन करणाऱ्या कार्यकर्त्यांना आणि त्या गावांतल्या बायांना द्यावे लागेल.

९/
वहीत काय उतरले?

गर्भधारणेपूर्वी या स्त्रियांचे सरासरी वजन सुमारे ४२ किलो आणि उंची १५२ सेंटिमीटर. अठराव्या आठवड्यात दिवसाचा आहार सुमारे १,७७० कॅलरी, प्रथिने ४५ ग्रॅम. बाळांचे सरासरी जन्मवजन २.७ किलोच्या आसपास.

अपेक्षा अशी होती की, जी आई अधिक कॅलरी आणि अधिक प्रथिने खाईल, तिचे बाळ मोठे निघेल. तसा संबंध दिसला नाही. संबंध दिसला तो हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध वारंवार खाण्याशी. पोट किती भरले यापेक्षा ताटात काय होते, हे महत्त्वाचे ठरले. शासनाच्या पोषण-योजना त्या काळी मुख्यत्वे कॅलरी आणि प्रथिने मोजीत असत. हा निष्कर्ष त्या हिशेबावरच बोट ठेवणारा होता.

१०/
दुसरा निष्कर्ष श्रमांचा. ज्या स्त्रिया गरोदरपणात अधिक कष्टाची कामे करीत होत्या, म्हणजे शेतातली कामे, पाण्याच्या खेपा, धुणी, त्यांची बाळे वजनाने हलकी आणि डोक्याच्या घेरानेही लहान होती.

हे वाचताना ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्याची आठवण होणे अपरिहार्य आहे. तानसा आणि भातसा ही मुंबईची तहान भागविणारी धरणे याच तालुक्यात. तानसाचे पाणी तर १८९२ पासून मुंबईला जाते. आणि कसारा मार्गावरच्या खर्डीच्या आसपासच्या पाड्यांत उन्हाळा आला की टँकरची वाट पाहिली जाते, डोक्यावर हंडे घेऊन बाया विहिरीच्या खेपा घालतात. मुंबईच्या पाणीपुरवठ्याच्या इतिहासात अभियंत्यांची नावे आहेत, दशलक्ष लिटरचे आकडे आहेत. सहाव्या महिन्यात घातलेल्या खेपांचा हिशेब मात्र त्यात सापडत नाही; तो पुण्याच्या या अभ्यासाने, दुसऱ्याच गावांपुरता का होईना, ग्रॅममध्ये मांडला.

अर्थात पुण्याचे निष्कर्ष शहापूर-मुरबाडवर जसेच्या तसे लादता येत नाहीत. येथले ताट भात, नाचणी, वरई यांचे. शिवाय ठाकूर आणि कातकरी यांच्या जेवणात सुकट, चिंबोऱ्या, ओढ्याचे मासे येतात. हा फरक किती मोलाचा असू शकतो, ते पुढे येईलच.

११/
आता या साऱ्या प्रकरणाचा गाभा.

२००३ मध्ये पुण्याजवळच्या गावांतली पूर्ण दिवसांची ६३१ बाळे आणि इंग्लंडमधील साउदॅम्प्टनची ३३८ बाळे यांची तुलना प्रसिद्ध झाली. आपले बाळ सरासरी ८०० ग्रॅमने हलके : २.७ किलो विरुद्ध ३.५. तोपर्यंत असेच समजले जात होते की भारतीय बाळ म्हणजे इंग्रज बाळाची छोटी आवृत्ती. सगळेच अवयव प्रमाणात लहान.

मापे तसे सांगत नव्हती. पोटाचा घेर सर्वांत मागे होता, म्हणजे यकृतादी आतले अवयव लहान. दंडाचा घेरही बराच मागे, म्हणजे स्नायू कमी. डोके आणि लांबी त्या मानाने कमी मागे. आणि सर्वांत कमी तूट होती ती पाठीवर, खांद्याच्या फऱ्याखाली चिमटीत धरलेल्या त्वचेच्या घडीत. म्हणजे चरबी जवळजवळ शाबूत होती. हाडे, स्नायू, अवयव यांच्या वाट्याचे कमी करून देहाने मेंदू आणि चरबी राखली होती.

संशोधकांनी त्याला ‘थिन-फॅट’ बाळ म्हटले. मराठीत ‘कृश-स्थूल’ म्हणता येईल. आजी ज्याला कौतुकाने ‘लहानखुरं पण बाळसेदार’ म्हणते, ते बहुधा हेच. त्याच सुमारास पुणे आणि लंडन येथील बाळांच्या नाळेतील रक्ताची तुलना झाली, तेव्हा पुण्याच्या बाळांत इन्सुलिन चढे आढळले.

१९८०च्या दशकात बाह्यरुग्ण विभागात दिसलेला काटकुळ्या हातापायांचा आणि सुटलेल्या पोटाचा तो माणूस असा जन्मतःच तयार होऊन आलेला होता. शहर, वडापाव, बैठे काम ही त्याच्या आयुष्यातली नंतरची प्रकरणे.

१२/
नंतरची प्रकरणे क्षुल्लक मात्र नव्हेत. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात पुण्याजवळची खेडी, शहरातील झोपडपट्टी आणि शहरी मध्यमवर्ग अशा तीन ठिकाणच्या ४४१ पुरुषांची तपासणी झाली. खेड्याकडून शहराकडे येताना चरबी वाढत गेली, तिच्याबरोबर शरीरातील दाहाची लक्षणे वाढली. ही लक्षणे हृदयविकाराचीही वाटाडी मानली जातात. त्याच पुरुषांत ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता सर्वत्र होती. आश्चर्य हे की, सर्वांत अधिक ती पोटभर जेवणाऱ्या मध्यमवर्गातच निघाली : ८१ टक्के. ब-१२ मुख्यतः मांस, मासे, अंडी आणि काही प्रमाणात दूध यांतूनच मिळते. पिढीजात शाकाहाराचा हा परिणाम होता.

खर्डीच्या सुकटीचा उल्लेख वर आला तो यासाठी. गरीब पाडा आणि सुखवस्तू पेठ यांच्यात कोणाचे ताट कोणत्या बाबतीत भुकेले आहे, हे नुसत्या उत्पन्नावरून ठरत नाही.

१३/
सहा गावांतल्या आयांचे साठवून ठेवलेले रक्त याच दृष्टीने तपासले गेले. सुमारे दोन तृतीयांश स्त्रियांत ब-१२ कमी होते. फॉलेटची कमतरता मात्र जवळपास कोणालाच नव्हती. मुले सहा वर्षांची झाल्यावर दिसले की, ज्या आयांचे ब-१२ कमी आणि फॉलेट चढे होते, त्यांच्या मुलांत इन्सुलिनला होणारा विरोध सर्वाधिक आहे.

हे प्रकरण नाजूक आहे. गरोदर स्त्रियांना लोह आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्या देण्याचे राष्ट्रीय धोरण १९७० पासूनचे; त्या गोळीत ब-१२ नसते. म्हणून गोळ्या टाळाव्यात असा अर्थ कोणी काढू नये. रक्तक्षय आणि बाळाच्या मेरुदंडातील दोष यांविरुद्ध त्या आवश्यकच आहेत. प्रश्न एवढाच आहे की, दोन जीवनसत्त्वांची जोडी असताना एकाचीच भर घालत राहिल्याने तोल जातो काय.

१४/
या संशोधनाला विरोध झालाच नाही असे नाही. १९९९ मध्ये इंग्लंडमधील अँड्र्यू हॅटर्सली आणि जॉन टूक यांनी उलटा युक्तिवाद मांडला : इन्सुलिनचे काम मंदावणारी जनुकेच बाळाला हलके ठेवतात आणि तीच पुढे मधुमेह घडवितात, गर्भातली उपासमार हे कारण असेलच असे नाही. आज दोन्ही गोष्टींना जागा आहे असे मानले जाते.

याउलट समाजमाध्यमांवर दुसरे टोक दिसते : ‘इंग्रजांच्या काळातील दुष्काळांमुळे भारतीयांना मधुमेह होतो.’ १८७६-७८ आणि १८९६-१९०० चे दुष्काळ भीषण होते, आणि वसाहतींच्या धोरणाने ते अधिक भीषण केले, यात शंका नाही. १९४४-४५ च्या हिवाळ्यात नाझींनी कोंडी केलेल्या नेदरलंड्समध्ये गर्भात असलेल्यांना उतारवयात रक्तशर्करेचा त्रास अधिक झाला, हेही सिद्ध आहे. पण तो पुरावा एका पिढीचा आहे, तारखा ठाऊक असलेल्या उपासमारीचा आहे. त्यावरून सव्वाशे वर्षांची उडी मारणे म्हणजे मधल्या चार-पाच पिढ्यांची वही कोरी असताना शेवटचे पान वाचल्याचा दावा करणे होय. शिवाय त्या उडीत जवळचे कारण नजरेआड होते. पुण्याच्या अभ्यासातल्या आया सरासरी एकवीस वर्षांच्या होत्या. म्हणजे त्यांच्यापैकी अनेकींचा जन्म १९७२ च्या दुष्काळाच्या आगेमागे झालेला. व्हिक्टोरिया राणीपर्यंत जाण्याआधी वसंतराव नाईकांच्या काळातली खडी फोडणारी बाई डोळ्यांपुढे यायला हवी.

१५/
सहा गावांतली ती बाळे अठरा वर्षांची झाली, तेव्हा पुन्हा तपासली गेली. त्यांपैकी ४८ टक्के तरुण-तरुणी रूढ निकषाने कमी वजनाची होती. आणि तरीही मुलांपैकी ३७ टक्के आणि मुलींपैकी १८ टक्के यांची रक्तशर्करा सामान्य मर्यादेच्या वर होती. बहुतेकांना अजून मधुमेह झालेला नव्हता. ते त्याच्या उंबरठ्यावर होते. कुपोषण आणि मधुमेह हे दोन वेगळ्या वर्गांचे, दोन वेगळ्या खात्यांचे विषय आहेत, ही शासकीय विभागणी एकाच देहात मोडून पडलेली होती.

मात्र संशोधक तोपर्यंत थांबले नव्हते. २०१२ मध्ये याच मुलामुलींना घेऊन ‘प्रिया’ नावाचा प्रयोग सुरू झाला : काहींना रोज दोन मायक्रोग्रॅम ब-१२, काहींना त्यासोबत इतर सूक्ष्म पोषकद्रव्ये, काहींना नुसती परिणामशून्य गोळी. लग्नाच्या आधीच, गर्भ राहण्याच्या कितीतरी आधी. आजारी पडलेल्या माणसावर उपचार करण्याऐवजी अजून न जन्मलेल्या बाळासाठी त्याच्या भावी मातापित्यांना तयार करण्याचा हा प्रयत्न होता.

मुलींची लग्ने झाली, त्या सासरी गेल्या, काही दुसऱ्या तालुक्यांत. कार्यकर्त्या त्यांच्या मागे गेल्या. १९९४-९६ मध्ये ज्यांच्या पाठीवरची त्वचा जन्मानंतर तीन दिवसांच्या आत चिमटीत धरून मोजली होती, त्यांचीच बाळे आता त्याच रीतीने मोजली गेली. वहीत तिसरी पिढी उतरू लागली आहे.